पळत्याला पकडायचं, तर कॅमेरा कोणता?

दोस्तांनो, परीक्षा संपल्या की आपल्या पत्रपेटीत दोन विषयांची पत्रं हमखास वाढतात. एक सायकलींची आणि दुसरी कॅमेऱ्यांची. सायकलींबद्दल पुन्हा कधीतरी. आज कॅमेऱ्याची पाळी. कारण या वेळी नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय आणि त्याला उडवाउडवीचं उत्तर देऊन चालणार नाही.

ती शाळेच्या खो-खो संघात आहे. गावाबाहेरच्या तलावावर हिवाळ्यात पक्षी येतात, तेही तिला टिपायचे असतात. तिच्या बाबांची पिठाची गिरणी आहे. तिचे बक्षिसांचे साठवलेले पैसे आणि बाबांनी बाजूला काढलेली रक्कम मिळून कॅमेरा घ्यायचा ठरलाय. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, ‘‘नवाकोरा डीएसएलआर घे. दोन लेन्स, पिशवी आणि ट्रायपॉड फुकट. कमी पडतील ते हप्त्यानं दे.’’ आणि बाबा म्हणाले, ‘‘घे. पण एकदाच. दोन वर्षांनी दुसरा मागायचा नाही.’’

हा ‘एकदाच’ शब्द महत्त्वाचा आहे, बरं का! ज्यांच्या घरी तो ऐकू येतो, त्या सगळ्यांसाठी आजचं पान.

आधी पोटात डोकावू

एसएलआर म्हणजे ‘सिंगल लेन्स रिफ्लेक्स’. पुढं ‘डी’ लागला की डिजिटल. लेन्सच्या मागं, ४५ अंशांत कललेला एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो, तिथं वळणं घेऊन मागच्या खिडकीतून तुमच्या डोळ्यात शिरतो. म्हणजे समोर जे घडतंय, ते तुम्ही थेट लेन्समधूनच बघता. मध्ये पडदा नाही, की चित्र तयार व्हायला लागणारा वेळ नाही. बटण दाबलं की आरसा खाडकन वर उचलला जातो, शटरचा पडदा उघडतो, सेन्सरवर प्रकाश पडतो, पडदा मिटतो आणि आरसा परत खाली. तो ‘खटॅक’ आवाज येतो ना, तो याच कवायतीचा.

आणखी एक गंमत. मोठ्या आरशाचा मधला भाग थोडा प्रकाश आरपार सोडतो. त्याच्या मागं एक छोटा आरसा दडलेला असतो. तो हा प्रकाश खाली, फोकसच्या यंत्रणेकडे ढकलतो. ही यंत्रणा दुसरं कसलंच काम करत नाही. समोरची वस्तू जवळ येतेय की लांब जातेय, आणि लेन्स कुठल्या दिशेनं किती फिरवायची, एवढंच ती बघते. म्हणूनच पळणारा खेळाडू आणि उडणारा पक्षी टिपायला हे कॅमेरे इतकी वर्षं वापरले गेले.

घोड्याचे चार पाय

१८७८ सालची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथं एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं धावपट्टीच्या कडेला ओळीनं बारा कॅमेरे मांडले. समोरून घोडा दौडत गेला, तशी एकेक तार ताणली गेली आणि एकेक कॅमेरा उडाला. दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, हा तेव्हा वादाचा विषय होता. फोटोंनी उत्तर दिलं : हो, सुटतात! नुसत्या डोळ्यांना न दिसणारं कॅमेऱ्याला दिसलं, कारण त्याचा पडदा क्षणभरच उघडला होता.

आता हेच आपल्या मैदानावर आणू. खो-खोतला चपळ खेळाडू सेकंदाला ७ मीटर पळतो असं धरा. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो जवळजवळ १२ सेंटिमीटर सरकतो. फोटोत चेहरा नाही, नुसता फराटा! शटर १/१००० ठेवलं तर तो सरकतो फक्त ७ मिलिमीटर. फोटो स्वच्छ. म्हणून हे आकडे वहीत लिहून ठेवा : खेळासाठी १/५०० ते १/१०००, उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० किंवा त्याहून जलद.

आता तुम्ही म्हणाल, ‘‘मग ठेवलं १/२०००, झालं काम!’’ थांबा. पडदा जितका कमी वेळ उघडा, तितका प्रकाश कमी. दुपारच्या लख्ख उन्हात काही अडत नाही. पण शाळांचे सामने असतात संध्याकाळी आणि पक्षी जागे होतात पहाटे. म्हणजे खरी परीक्षा अपुऱ्या उजेडातच होते.

प्रकाश वाढवायचे दोन मार्ग. एक म्हणजे आयएसओ वाढवणं. पूर्वी १०० किंवा ४०० चा रोल घातला की छत्तीस फोटो संपेपर्यंत तोच. आता दर फोटोला तो बदलता येतो. मात्र आयएसओ चढवला की फोटोत रव्यासारखे दाणे दिसायला लागतात. दुसरा मार्ग लेन्सचं तोंड मोठं असणं. लेन्सवर ‘एफ’ चा आकडा असतो. तो जितका लहान, तितकं तोंड मोठं. एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या लेन्सपेक्षा नऊ-दहा पट जास्त प्रकाश आत घेते. अर्थात मोठ्या तोंडाची आणि शिवाय लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी असेल, तर ती वजनानं आणि किमतीनं, दोन्हीनं जड! तिचा नाद सध्या सोडा.

तेराचा पाढा

‘‘कितीचा झूम घेऊ?’’ हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. उत्तर अंदाजानं नको, गणितानं काढू. बजेटमधल्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण २३ मिलिमीटर रुंद असतो. लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याला २३ नं भागा. जो आकडा येईल, त्यानं तुमच्यापासूनच्या अंतराला भागा. चौकटीत किती मीटर रुंदीचं दृश्य मावेल, ते कळलं!

३०० मिलिमीटरची लेन्स असेल तर ३०० भागिले २३, म्हणजे १३. सीमारेषेपासून खेळपट्टी ६५ मीटरवर आहे. ६५ भागिले १३ बरोबर ५. म्हणजे पाच मीटर रुंदीचं दृश्य दिसेल. चौकटीची उंची रुंदीच्या दोन-तृतीयांश असते, म्हणजे सव्वातीन मीटर. फलंदाज त्यात निम्म्या उंचीचा येईल. छान!

आता खंड्या. बसलाय १५ मीटरवर, विजेच्या तारेवर. १५ भागिले १३, म्हणजे सव्वा मीटरपेक्षा थोडं कमी. खंड्याची लांबी २८ सेंटिमीटरच्या आसपास. चौकटीचा चौथा हिस्सा त्यानं व्यापला. चालेल. पण कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी १८-५५ ची लेन्स वापरलीत तर? ५५ वरसुद्धा चौकट सहा मीटरांहून रुंद. खंड्याचा झाला निळा ठिपका! म्हणजे पक्ष्यांसाठी २५० ते ३०० मिलिमीटरची लेन्स ही चैन नाही, ती किमान गरज आहे.

उलट कबड्डीत काय? तुम्ही अंगणापासून आठ मीटरवर बसलात. ५० मिलिमीटरची लेन्स. ५० भागिले २३ म्हणजे २.२. आठ भागिले २.२, म्हणजे साडेतीन मीटरच्या वर. चढाईपटू आणि दोन पकड करणारे त्यात आरामात मावले. शिवाय ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स कॅनन आणि निकॉन दोघांच्याही सगळ्यात स्वस्त लेन्समध्ये मोडते. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये किंवा दिव्यांखाली खेळवलेल्या कबड्डीत हीच छोटी लेन्स तुम्हाला वाचवेल. तिथं एफ ५.६ ची झूम लेन्स अंधारात चाचपडेल.

फोकसचे बिंदू आणि फोटोंचा वेग

खिडकीतून बघताना छोटे चौकोन दिसतात ना? ते फोकसचे बिंदू. बिंदू कमी असतील आणि पक्षी त्यांच्या बाहेर गेला, तर यंत्रणा मागच्या झाडाला फोकस करून मोकळी होते. दुसरा आकडा म्हणजे एका सेकंदात सलग किती फोटो निघतात. सेकंदाला ३ फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फोटोंच्या मधे आपला खो-खोपटू सव्वादोन मीटर पुढं गेलेला असतो. सेकंदाला ७ फोटो असतील, तर एकच मीटर. खांबावर झेप घेतलेला क्षण नेमका या फटीत हरवतो.

आता काही कॅमेऱ्यांची कुंडली पाहू. सगळे आकडे कंपन्यांनी दिलेले आहेत.

कॅनन १५००डी (२०१८) : ९ बिंदू, सेकंदाला ३ फोटो, २४ मेगापिक्सेल.
निकॉन डी ३५०० (२०१८) : ११ बिंदू, ५ फोटो, २४ मेगापिक्सेल.
निकॉन डी ७००० (२०१०) : ३९ बिंदू, ६ फोटो, १६ मेगापिक्सेल.
कॅनन ७०डी (२०१३) : १९ बिंदू, ७ फोटो, २० मेगापिक्सेल.
कॅनन ७डी मार्क टू (२०१४) : ६५ बिंदू, १० फोटो, २० मेगापिक्सेल.
निकॉन डी ७२०० (२०१५) : ५१ बिंदू, ६ फोटो, २४ मेगापिक्सेल.

वाचलंत नीट? पहिले दोन वयानं लहान आहेत, मेगापिक्सेलमध्येही मागं नाहीत. तरी खेळाच्या कामात म्हातारे पुढं! कारण पहिले दोन नवशिक्यांसाठी बनवले होते, बाकीचे हौशी-कसबी लोकांसाठी. कॅमेऱ्याचं वय बघू नका, तो कुठल्या वर्गात होता ते बघा.

आणि मेगापिक्सेलचं भूत आधी डोक्यातून उतरवा. १६ मेगापिक्सेलचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापला, तर सोळा इंच बाय अकरा इंचांच्या जवळपास होतो. आपलं हे मासिकाचं पान त्याहून लहान आहे.

नवा की वापरलेला?

२०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचा सगळा भर आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर गेला. ते कॅमेरे उत्तम आहेत. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरणारेही त्यांत आहेत. पण असं करणारा कॅमेरा आणि त्याला साजेशी लांब लेन्स मिळून खर्च बराच वर जातो. त्याच वेळी अनेक छायाचित्रकारांनी आपले जुने डीएसएलआर विकायला काढले. त्यांचं नवं प्रेम आपल्या पथ्यावर पडलं! मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात आणि इतर मोठ्या शहरांतल्या कॅमेरा दुकानांत वापरलेले चांगले डीएसएलआर मिळतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वापरलेल्या वस्तूला कंपनीची हमी बहुधा उरलेली नसते. जसजशी वर्षं जातील, तसतसे सुटे भाग मिळणं कठीण होत जाईल. म्हणून घासाघीस करताना दुकानाची निदान महिना-दोन महिन्यांची हमी लेखी मागा. लेन्सची चिंता मात्र कमी. कॅननचा ईएफ जोड १९८७ पासूनचा आणि निकॉनचा एफ जोड १९५९ पासूनचा. बाजारात लेन्सचा सुकाळ आहे.

फक्त जोड जुळला म्हणजे सगळं जुळलं असं मात्र नाही. इथं पुष्कळ जण फसतात. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यांना मोटर असलेलीच लेन्स लागते, म्हणजे जिच्यावर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय ती. जुनी, नुसती एएफ लेन्स लावलीत तर फोकस हातानं फिरवत बसावं लागेल. उलट एएफ-पी लेन्स डी ७००० किंवा डी ९० वर फोकसच करत नाही! म्हणून लेन्स आणि कॅमेरा एकत्र लावून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

लेन्सवरची अक्षरंही वाचा. निकॉनवर ‘व्हीआर’, कॅननवर ‘आयएस’ असेल तर तिच्यात हाताची थरथर शोषून घेणारी यंत्रणा आहे. निकॉनची ७०-३०० एएफ-पी दोन प्रकारांत निघाली होती, एक व्हीआर असलेली आणि एक नसलेली. दिसायला बहिणी-बहिणी! कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम हलकी आणि रेखीव आहे. ७५-३०० स्वस्तात दिसेल, पण तिच्या तिसऱ्या आवृत्तीत आयएस नाही. मात्र एक लक्षात ठेवा. ही यंत्रणा तुमचा हात स्थिर करते, समोरचा खेळाडू नाही! तो थांबतो फक्त जलद शटरनं.

शंभर रुपयांची वाटणी

भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून भावांऐवजी वाटणी सांगतो. तुमच्याकडे जी रक्कम असेल, तिचे शंभर भाग करा. ५० भाग कॅमेऱ्याला. ३५ भाग लांब लेन्सला. १० भाग चांगलं मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि ओलाव्यापासून जपणारा हवाबंद डबा यांना. उरलेले ५ भाग हातात ठेवा. काहीतरी लागतंच.

ट्रायपॉडला, फिल्टरला, झगमगीत पिशवीला या वाटणीत जागा नाही. स्वस्तातला लटपटता ट्रायपॉड लांब लेन्स पेलत नाही, आणि धावत्या खो-खोमागं तो फिरवताही येत नाही. पक्ष्यांसाठी जुन्या कापडी पिशवीत तांदूळ किंवा मूग भरा, वर लेन्स टेकवा. भिंतीवर, दगडावर, जीपच्या खिडकीवर कुठंही बसते. मोठमोठे वन्यजीव छायाचित्रकार अशीच पिशवी वापरतात. याला म्हणतात ‘बीन बॅग’. आणि भूक लागली तर खिचडी!

दुकानात जाल तेव्हा

घाई करायची नाही. स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा आणि पुढच्या गोष्टी एकेक करून बघा.

१. शटर किती वेळा उडालंय ते विचारा. डी ७२०० चं शटर दीड लाख आणि ७०डी चं एक लाख वेळा चालेल, अशी चाचणी कंपनीनं केलेली असते. याचा अर्थ त्या आकड्याला ते बंद पडतं असा नाही. पण मोटारीच्या किलोमीटरसारखा अंदाज येतो. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो.

२. एफ १६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते. ओरखडा मात्र जात नाही.

३. लेन्सच्या दोन्ही बाजूंची झाकणं काढा, एका बाजूनं टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या, विशेषतः कोकणातल्या आणि गोव्यातल्या, पावसाळ्यात लेन्सला ती धरतेच. अशी लेन्स कितीही स्वस्त असो, परत ठेवा.

४. दुकानाच्या दारात उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींवर सलग फोकस लावून वीस-तीस फोटो काढा. मधले किती स्वच्छ आले ते तिथंच मोठं करून पाहा. ही सगळ्यात मोठी चाचणी!

५. सगळी बटणं, चाकं, कार्डाची खाच, बॅटरीचं दार, चार्जर तपासा.

६. पावती घ्या आणि तिच्यावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून घ्या. पावती द्यायला जो कांकूं करतो, त्याच्याकडून वस्तू घ्यायची नाही. ती चोरीची असू शकते.

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, खरेदीच्या आधी एक महिन्याची मुदत घालून पाहा. या महिन्यात मुलानं किंवा मुलीनं घरातल्या फोनवर, नाहीतर कोणाचा मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर, आठवड्यातून दोनदा मैदानावर किंवा पाण्याकाठी जायचं. पहाटे स्वतःहून उठायचं. महिन्याअखेर दहा फोटो निवडून दाखवायचे आणि प्रत्येकात काय चुकलं ते सांगायचं. महिना टिकला तर हौस खरी. मोठ्या शहरांत कॅमेरा दिवसाच्या भाड्यानंही मिळतो. घ्यायचा तोच नमुना एक दिवस वापरून पाहता येतो. हप्त्यानं घेणार असाल, तर सगळे हप्ते मिळून किती होतात, तो बेरजेचा आकडा मुलालाच काढायला लावा. आणि कृपा करून, घेतलेला कॅमेरा ‘खराब होईल’ म्हणून कपाटात ठेवू नका. तो न वापरल्यानंही खराब होतो. बुरशीला अंधारं, कोंदट कपाट फार आवडतं!

तर मग, मैत्रिणीनं काय घ्यावं?

तुझा दुकानदार देतोय ते फसवं आहे असं नाही. बसलेल्या पक्ष्यांपुरतं ते चालेल. पण नऊ बिंदू आणि सेकंदाला तीन फोटो घेऊन खो-खो टिपणं म्हणजे दर वेळी नशिबाची परीक्षा. शिवाय दोन लेन्सपैकी छोटी तुझ्या दोन्ही कामांना फारशी उपयोगी नाही, आणि फुकटचा ट्रायपॉड कोपऱ्यात बसेल. हप्ते मात्र बाबांच्या गिरणीतून दर महिन्याला जातील.

माझं मत असं : हप्ता नको. आहे त्या पैशांत तपासून घेतलेला, वापरलेला ७०डी आणि ५५-२५० आयएस एसटीएम लेन्स बघ. रक्कम थोडी जास्त असेल तर डी ७२०० आणि ७०-३०० व्हीआर. फार कमी असेल तर डी ७००० आणि एएफ-एस मालिकेतली ५५-३००. मोठ्या शहरातून आणावा लागेल, म्हणून बाबांना आणि कॅमेऱ्यातलं कळणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर ने. जवळ दुरुस्तीची काहीच सोय नसेल आणि घरच्यांना हमीशिवाय झोप येणार नसेल, तर नवा कॅमेरा घेण्यातही लाज नाही. मग दुकानदाराला सांग, ट्रायपॉड आणि पिशवी ठेवा तुमच्याकडेच, त्याऐवजी किंमत कमी करा. आणि तीनच फोटो निघत असले, तर तो एक क्षण हेरून दाबायला शिक. मायब्रिजच्या प्रत्येक कॅमेऱ्यात एकच फोटो होता!

मैदानावर आणि पाण्याकाठी

कॅमेरा आला. आता तबकडी शटरच्या खुणेवर आणा. निकॉनवर ती ‘एस’, कॅननवर ‘टीव्ही’. १/१००० लावा, आयएसओ आपोआपवर सोडा. फोकस सलगवर ठेवा. निकॉनमध्ये त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये एआय सर्व्हो. सुरुवातीला मधला एकच बिंदू वापरा. तो सगळ्यात भरवशाचा असतो.

कबड्डीत चढाईपटूच्या स्वतःच्या अंगणामागच्या रेषेबाहेर बसा. निसटून परत येताना त्याचा चेहरा तुमच्याकडे असतो आणि मागं त्याला खेचणारे हात! खो-खोत खांबाच्या जरा तिरक्या बाजूला जागा धरा. दोन्हीकडं बसूनच फोटो काढा. उभ्यानं काढलेल्या फोटोत माणसं बुटकी दिसतात. आणि फक्त जिंकणाऱ्यांकडे बघू नका. बाद होऊन बाहेर बसलेल्या खेळाडूच्या चेहऱ्यावर अख्खा सामना लिहिलेला असतो.

पक्ष्यांचा सराव घारीपासून सुरू करा. ती शहरातही असते, मोठी असते आणि गोल गोल घिरट्या घालते, त्यामुळं पुन्हा पुन्हा संधी देते. मग बगळा. वेड्या राघूला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. त्याचं नाव वेडा, पण फोटोवाल्यांना वेड लावतो तोच! हिवाळ्यात जमलं तर भिगवणला उजनीच्या पाण्यावर जा. रोहित पक्षी आणि पट्टकादंब हंस तिथं येतात. नाशिककरांना नांदूर मधमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० साली जाहीर झालेलं. भीमाशंकरला गेलात तर आपला राज्यप्राणी शेकरू भेटेल. गोव्यातल्या दोस्तांना चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य आहे.

पण एक नियम सगळ्या नियमांच्या वर. घरट्याचा फोटो काढायचा नाही. आपण जवळ गेलो की आई उडून जाते, अंडी गार पडतात, पिलं उन्हात तडफडतात आणि आपण दाखवलेली वाट कावळ्याला सापडते. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं ही ‘शिकार’च मानली आहे. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, दगड मारून थवा उडवणं, हेही नाही. मिळालेला फोटो आपला. न मिळालेला, तो पक्ष्याचा.

या आठवड्याचा गृहपाठ

कॅमेरा नसला तरी करता येईल असा. घराच्या गच्चीवरून किंवा अंगणातून रोज दिसणारा एक पक्षी निवडा. तो तुमच्यापासून किती मीटरवर बसतो ते पावलांनी मोजा. पुस्तकातून त्याची लांबी शोधा. मग वरच्या गणितानं काढा, तो चौकटीचा एक-चतुर्थांश भाग व्यापेल, यासाठी कितीची लेन्स लागेल? उत्तर ८०० मिलिमीटर आलं, तर लेन्सच्या जाहिराती बघत बसू नका. रोज त्याच वेळी, त्याच जागी, शांत बसायला लागा. आठवड्याभरात तो तुम्हाला ओळखू लागेल आणि थोडा जवळ बसेल. अंतर निम्मं झालं की लेन्सही निम्मी पुरते! ही सवलत कुठल्याच दुकानात मिळत नाही.

गणितं पाठवा, नीट अक्षरात. पुढच्या आठवड्यात भेटू सायकलींबरोबर.